टाकी उठेपर्यंत

सोमवारी सकाळी सहाला मी मेसच्या मागं गेले, तर टाकी जागची हललेली नव्हती.

टाकी कसली ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल बाईनं गोष्ट मधूनच धरली. मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमागं आमचा गॅसचा प्लांट होता. विहिरीसारखा गोल खड्डा. शेजारी सिमेंटची कुंडी. ताटांत उरलेलं अन्न, भाजीची देठं, शिळा भात, सगळं वाटून त्या कुंडीत पाण्याबरोबर कालवायचं आणि पाइपातून खड्ड्यात सोडायचं. खड्ड्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. आत गॅस धरला की टाकी आपसूक वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. रोज सकाळी ती माझ्या कमरेएवढी वर आलेली असायची. त्या दिवशी खालीच बसून होती. मी आत जाऊन शेगडीची कळ सोडली, काडी लावली. शेगडी एकदा फुरफुरली आणि गप्प झाली.

आणि गुरुवारी समिती यायची होती.

मी हौसाबाई लोहार. या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली, गुडघे बोलायला लागलेत, पण तेव्हा मी दणकट होते. मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले आणि हळूहळू मेसचं सगळंच माझ्या अंगावर आलं. दोनशे चाळीस मुली आणि आम्ही सहा बायका. मुली मला मावशी म्हणायच्या आणि घाबरून असायच्या, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या माळाला ठाऊक होतं. विद्यापीठ गावापासून तीन मैलांवर, उघड्या माळावर. मी रोज चालत यायची.

प्लांट केंगार मॅडमनी उभा केला होता. पर्यावरण शिकवायच्या, वयानं माझ्या थोरल्या लेकीएवढ्या. दर एप्रिलला त्यांची नेमणूक संपायची आणि जूनमध्ये परत होईल की नाही ते कुणी सांगायचं नाही. एक दिवस त्या मेसमागच्या उकिरड्यावर नाकाला पदर न लावता उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, हे अन्न असं कुजलं की त्यातून गॅस निघतो, वर जातो आणि जगाचा उन्हाळा वाढवतो. तोच कोंडून जाळला तर तुमचा सकाळचा चहा-नाष्टा होईल. मी विचारलं, म्हणजे आमच्या पोरींनी टाकलेल्या भातानं जगाला ताप येतोय? त्या म्हणाल्या, हो, अगदी तसंच. त्या दिवसापासून ताटात भात टाकणारीची मी काय गत करायची ते जुन्या मुलींना विचारा.

पण खरं सांगायचं तर जग नंतर. आधी मला माझे डोळे होते. प्लांट व्हायच्या आधी मुलींचा सकाळचा चहा-नाष्टा आम्ही लाकडं जाळून करायचो. चौदा वर्षं तो धूर मी डोळ्यांनी खाल्ला. प्लांट झाल्यावर धूर गेला. दीड वर्ष मी त्या खड्ड्याला रोज वेळेवर खाऊ घातलं. पोटच्या पोरांना एवढ्या वेळेवर घातलं नसेल. गुरुवारी समितीला तो आवडला तर उरलेल्या चार वसतिगृहांनाही प्लांट मिळणार होते. नाही चालला, तर उपकुलसचिव मगदूम साहेबांचा त्या जागेवर कधीपासून डोळा होता. त्यांना तिथं गाड्यांसाठी शेड हवी होती.

समिती म्हणजे बाहेरून माणसं येतात, विद्यापीठ बघतात आणि दर्जा देतात. समिती म्हटली की आमच्याकडं लग्नघर. झाडांच्या बुंध्यांना गेरू, दगडांना चुना, पडद्यांना इस्त्री, प्रत्येक विभागाला फिनेलचे कॅन. माझ्या मेसला चार आले होते. मी कामाला हटणारी नव्हे. मागच्या आठवड्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवार बायकांना घेऊन फरशी, भिंती, मोऱ्या, कुंडी, सगळं असं घासून काढलं की साहेबसुद्धा म्हणाले, बाई, तुमची मेस म्हणजे दवाखाना झाला.

मॅडम त्या आठवड्यात फायलींखाली गाडल्या गेल्या होत्या. मी निरोप धाडला तशा धावत आल्या. खड्ड्यातली रबडी डब्यात घेतली, आंबटपणा मोजायची कागदाची पट्टी बुडवली, रंग बघितला आणि खाली बसल्या. मला म्हणाल्या की यात जिवंत जंतू असतात, गाईच्या पोटात असतात तसलेच. ते अन्न खातात आणि गॅस सोडतात. ते मेलेत. आपण इतके दिवस ज्यांना जेवू घातलं ते मेले, म्हणून मी परत एकदा खड्ड्यात वाकून बघितलं. त्यांनी विचारलं, मागच्या आठवड्यात आत नवीन काय गेलं? मी आठवून आठवून सांगितलं. भात, वांग्याची देठं, दुधीच्या साली, आमटी, ताक. लिंबं मी कधी घालत नाही. मीठ नाही. लोणचं नाही. एकही खोटं सांगितलं नाही.

मग मी उरलेल्या अन्नाची बादली उपसली. कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, हा माझा स्वभाव. तळाशी गोळ्यांचं एक पाकीट मिळालं. जंतूंवरच्या गोळ्या, मॅडमनी नाव वाचून सांगितलं. पण एका पाकिटानं एवढा खड्डा मरत नाही, असंही त्या म्हणाल्या. ते मी ऐकूनच घेतलं नाही. गोळ्या कोण खातं ते मला माहीत होतं. दुसऱ्या मजल्यावरची वनिता हुबाले, जतकडची, धनगराची पोर. महिनाभर तिचा कान वाहत होता.

मंगळवारी सकाळी पोह्यांच्या वेळी सगळी मेस भरलेली असताना मी तिच्यासमोर ते पाकीट आपटलं. काय काय बोलले ते आता सांगायची मला लाज वाटते. दीड वर्षाचं काम एका पोरीच्या निष्काळजीपणानं गेलं, घरी असंच करतेस का, मेंढरांमागं वाढलेल्यांना ताटवाटीची काय अक्कल. उचलली जीभ लावली टाळ्याला.

वनिता उठून उभी राहिली. "मावशी, पाकीट रिकामं होतं," ती म्हणाली. "गोळ्या माझ्या पोटात गेल्या. पाकीट चुकून ताटात राहिलं."

"चुकून," मी म्हटलं. "चुकूनच माणसं मरतात."

तिनं पोह्यांची बशी तशीच ठेवली आणि निघून गेली. दुपारी जेवायला आली नाही. रात्रीही नाही.

त्याच दुपारी मगदूम साहेब आले. टाकी बुटानं टोकरून बघितली. मॅडमनी सगळं सांगितलं. समितीला खरं सांगू, प्लांट आजारी पडलाय, परत उभा करतोय असं म्हणू, अशी विनंतीही केली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, भांडारातला सिलिंडर भिंतीमागं ठेवायचा, त्याची नळी ह्या शेगडीला जोडायची, पाच मिनिटं जाळ दाखवायचा, समिती चहाला जाईल. अहवालात प्लांटवर चार पानं लिहिलीत, ती आता फाडता येणार नाहीत. आणि समिती गेली की हा खड्डा बुजवायचा. मॅडमच्या नेमणुकीचा कागदही त्यांच्याच टेबलावर आहे, एवढं जाता जाता सांगून गेले.

मॅडम खड्ड्याच्या काठावर बसल्या. मी म्हटलं, मॅडम, उठा, काहीतरी करू. मग आम्ही दोघींनी बादल्यांनी रबडी उपसायला घेतली. गावातल्या गोठ्यातून चार पाट्या शेण आणून आत सोडलं. मॅडम म्हणाल्या होत्या की दोन दिवसांत काही होणार नाही, पण हात स्वस्थ बसेनात.

बुधवारी सकाळी मी एकटीच बांबूनं खड्डा ढवळत होते. ढवळता ढवळता वास आला. ह्या खड्ड्याचा आंबूस वास मला झोपेतसुद्धा ओळखता आला असता. हा तो नव्हता. मी हात बुडवून नाकाशी नेला. मोरीचा वास. फिनेलचा.

मी कुंडीकडं बघितलं. तीन दिवस मी ती कुंडी फिनेल ओतून, काथ्यानं घासून धुतली होती. पाहुणे येणार, त्यांना वास येऊ नये म्हणून. नाहीतर इतर वेळी मी तिला नुसत्या पाण्यानं विसळायची. आणि कुंडीतलं पाणी जातं कुठं? सरळ पाइपातून खड्ड्यात. आत नवीन काय गेलं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी जेवण मोजत बसले होते. धुणं मोजायचं मला सुचलंच नाही. मी जाऊन रिकामा कॅन उचलला. त्यावर ठळक अक्षरांत जंतुनाशक लिहिलं होतं. मी सातवी शिकलेली बाई, मला वाचता येत होतं.

मी मॅडमना सांगितलं नाही. का, म्हणाल तर, भीती होती आणि त्याहून जास्त लाज होती. दोनशे पोरींना स्वच्छता शिकवणारी मी. दुपारी वनिताच्या खोलीपर्यंत गेले. दार उघडं होतं, ती पाठ करून वाचत बसली होती, टेबलावर बिस्किटाचा पुडा. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले आणि तशीच परत आले. त्या दिवशी पोळ्या करपल्या.

गुरुवारी अकराला समिती आली. तिघं होते. म्होरके एक वयस्क प्राध्यापक, म्हैसूरकडचे, पांढरा शर्ट, साधी चप्पल. मुलींना साड्या नेसवून मेसच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभं केलं होतं. वनिता शेवटी, भिंतीला लागून. मगदूम साहेबांनी माहिती सांगितली, मला खूण केली, मी काडी लावली. निळा जाळ भसकन आला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. एका सदस्यानं खिडकीतून टाकी बघून विचारलं की ती खाली का बसलीय. नाष्ट्याला गॅस वापरला, असं साहेबांनी सांगून टाकलं. मॅडम फाइल छातीशी धरून फरशीकडं बघत होत्या.

सगळे चहाला निघाले. ते म्हातारे प्राध्यापक मात्र माझ्यापाशी थांबले आणि मोडक्या हिंदीत विचारलं की यानं तुमचं काम हलकं झालं का. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरंही होतं ते. पण माझी नजर भिंतीला टेकलेल्या त्या पोरीकडं गेली. दोन दिवस ती माझ्या मेसमध्ये जेवली नव्हती, आणि तरी पाहुण्यांसाठी साडी नेसून उभी होती.

"साहेब, ही शेगडी सिलिंडरवर चाललीय," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, मला दुसरी भाषा धड येत नाही. "आमचा प्लांट मेलाय."

प्राध्यापकांना कळलं नाही. त्यांनी मगदूम साहेबांकडं बघितलं. साहेब हसले आणि इंग्रजीत काहीतरी बोलले. त्यातला हॅपी एवढाच शब्द मला समजला. प्राध्यापकांनी मान डोलवली आणि ते वळले.

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्ही सांगा त्यांना. मी बोलते ते तसंच्या तसं सांगा."

 मगदूम साहेब मॅडमकडं बघत होते. त्यांच्या टेबलावर कुठला कागद आहे ते आम्हा दोघींना माहीत होतं. मॅडमनी फाइल ओट्यावर ठेवली, पुढं आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी माझी दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली. प्राध्यापक थांबले.

"समिती येणार म्हणून आम्हाला फिनेल दिलं," मी म्हटलं. "मी तीन दिवस कुंडी फिनेलनं धुतली. ते सगळं आत गेलं. आतले जंतू मी मारले. मला काल सकाळी कळलं, आणि कालपासून मी तोंड शिवून बसले."

इथं मॅडम अडखळल्या. हे त्यांनाही नवीन होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, एक श्वास घेतला आणि एक शब्द न गाळता सांगितलं.

"आणि ती वनिता. तिनं काही केलेलं नाही. दोनशे पोरींसमोर मी तिला नको ते बोलले, म्हणून दोनशे पोरींसमोर सांगते. चूक माझी होती."

प्राध्यापकांनी विचारलं, मॅडमनी मला सांगितलं की ते विचारतायत, आता पुढं काय करणार?

"शेण घालणार," मी म्हटलं. "टाकी उठेपर्यंत घालणार."

म्हातारे खाली वाकले, त्यांनी स्वतःच्या हातानं शेगडीची कळ बंद केली आणि मला नमस्कार करून बाहेर गेले. नंतर अहवाल आला त्यात प्लांटचं नाव नव्हतं. बरंही नाही, वाईटही नाही.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि मगदूम साहेब परत आले. हात दाखवून अवलक्षण केलंत, म्हणाले. उद्यापासून मेसमध्ये पाय ठेवायचा नाही. मॅडम कुलगुरूंच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन तासांनी आत बोलावलं. काय बोलल्या ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण येताना एक तारीख घेऊन आल्या. मार्चची एकतीस. तोवर शेगडी प्लांटच्या गॅसवर पेटली तर प्लांट राहील. नाही पेटली तर साहेब जेसीबी आणायला मोकळे. आमच्या हातात पंचवीस दिवस होते.

साहेब म्हणाले होते, मेसमध्ये पाय ठेवायचा नाही. मेसच्या मागं ठेवायचा नाही असं म्हणाले नव्हते. शुक्रवारी सकाळी सहाला मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन हजर. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, मावशी, तुम्हाला काढलंय ना? मी म्हटलं, मला काढलंय, शेणाला नाही. तो बाजूला झाला.

अर्धा खड्डा आम्ही उपसला. मॅडम तासाला जायच्या आधी यायच्या, तास संपला की परत यायच्या. पदर खोचून गुडघ्यापर्यंत रबडीत. शिकवायला जाताना अंगाला वास यायचा, मुलं हसायची, त्यांनी त्याची पर्वा केली नाही. ताजं पाणी, ताजं शेण, आंबटपणा मोडायला भिंतीचा चुना थोडा थोडा. कागदाची पट्टी रोज बुडवायची आणि रंग वहीत लिहायचा.

तिसऱ्या दिवशी माझ्यामागं पावलं वाजली. वनिता होती, हातात रिकामी बादली, जुना पंजाबी ड्रेस. मी पाटी खाली ठेवली. म्हटलं, वनिता, पोरी, माझं चुकलं.

"ते ऐकलं मी गुरुवारी," ती म्हणाली. "शेण द्या इकडं."

आणि तिनं ते शेण हातानं असं फोडलं, की मी बघतच राहिले. माझे गोळे राहायचे, तिच्या हाताखाली ताकासारखं पातळ व्हायचं. कालचं शेण आणू नका म्हणाली, सकाळचं आणा, वाळलेल्यात काही जीव नसतो. तिच्या घरी दोन म्हशी होत्या आणि हे ती चालायला लागल्यापासून करत होती. मेंढरांमागं वाढलेल्यांना काय अक्कल, असं मी हिला म्हटलं होतं. ते आठवून माझे कान तापले. तिनं मात्र त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. रोज यायची, काम करायची, हात धुऊन कॉलेजला जायची. माझ्या डब्यातली भाकरी पुढं केली तर नको म्हणायची.

एकोणीस तारखेला टाकी चार बोटं उठली. मी नाचायची तेवढी बाकी होते. मला आत जायला बंदी, म्हणून मी खिडकीशी उभी राहिले आणि वनितानं आत जाऊन काडी लावली. नुसती फुसफुस. काडी विझली. दुसरी लावली, तीही विझली. मॅडम म्हणाल्या, पहिला गॅस असाच असतो, जळत नाही. हा सोडून द्यावा लागेल आणि टाकी परत खाली बसवावी लागेल.

मी टाकीला हात लावू देईना. तेरा दिवस डोक्यावर शेण वाहून चार बोटं मिळाली होती आणि ती हवेत सोडायची? हातात फक्त बारा दिवस राहिले होते. मी मॅडमना वाटेल ते बोलले. त्या ऐकत राहिल्या. शेवटी वनितानं विचारलं, मावशी, ठेवून तरी काय करणार, जळत नाही ते. मग मीच कळ सोडली. टाकी डोळ्यांदेखत खाली गेली आणि मी खड्ड्याच्या काठावर बसून रडले. लाज कसली त्यात.

दुसऱ्या दिवशी सहाला परत पाटी.

उन्हं तापली, तसा खड्डा बुडबुडायला लागला. वास पालटला. आपला आंबूस वास परत आला, आणि मॅडम म्हणाल्या की असल्या वासावर आनंदानं हसणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली. अठ्ठावीसला टाकी वीतभर वर होती. वनितानं काडी लावली. जाळ आला, क्षणभर हलला आणि गेला. पण आला होता.

एकतीस तारखेला दहा वाजता फाटकातून जेसीबी आत आला आणि त्याच्यामागं मगदूम साहेबांची गाडी. मी टाकीपाशीच उभी होते. आत वनिता शेगडीवर तवा ठेवून भाकरी थापत होती. साहेब पुढच्या दारानं मेसमध्ये गेले. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. त्यांनी जाळ बघितला. तव्यावरची भाकरी बघितली.

"सिलिंडर कुठाय?" त्यांनी विचारलं.

वनितानं सांगितलं, नाही सिलिंडर. साहेबांना पटेना. त्यांनी भिंतीमागं वाकून बघितलं, ओट्याखालचं फळकूट उघडलं, भांडारात जाऊन आले. मग त्यांनी शेगडीची नळी हातात धरली आणि नळी धरूनच चालायला लागले. मागच्या दारातून बाहेर आले, मोरी ओलांडली आणि नळीबरोबर चालत चालत टाकीपर्यंत येऊन थांबले. माझ्याकडं बघितलं. 

टाकी माझ्या गुडघ्याच्या वर आली होती. साहेबांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि भार दिला.

"मावशी, जाळ मोठा झाला," आतून वनिता म्हणाली.

साहेबांनी हात काढला. वनिता म्हणाली, आता बारीक झाला. त्यांनी परत दाबली, परत जाळ वाढला. तिसऱ्यांदाही दाबून बघितलं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला रबडी लागली तरी त्यांच्या ध्यानात आलं नाही. मॅडम मागच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात घड्याळ. चौदा मिनिटं झाली आणि टाकी खाली टेकली. आतला आवाज थांबला.

"संपला?" साहेबांनी विचारलं.

"आजचा संपला," मी म्हटलं. "उद्या सकाळी सहाला या, साहेब. परत आलेला असेल."

 साहेबांनी रुमालानं हात पुसत जेसीबीवाल्याला लांबूनच हातानं सांगितलं, जा. वनिता भाकरी घेऊन बाहेर आली. काठावर माझ्या शेजारी बसली, भाकरी मोडली, एक तुकडा माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः खायला लागली. माझ्या डब्यात ठेचा होता. तिनं न विचारता डबा ओढून घेतला.